जुना बेस गिटार घेताय? आधी नेक, मग वायरिंग, पिकअप सगळ्यात शेवटी

लातूर, परभणी, बीडकडच्या वाद्यांच्या दुकानांत हार्मोनियम, ढोलकी, ऑक्टापॅड, अकूस्टिक गिटार हे सगळं मिळतं. बेस टांगलेला दिसलाच तर एखादा, तोही तारा काळ्या पडलेला. त्यामुळे भीमगीतांच्या कार्यक्रमात किंवा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याचा पहिला बेस बहुधा पुण्याहून, मुंबईहून किंवा नांदेडकडच्यांना जवळ पडणाऱ्या हैदराबादहून येतो, आणि बहुतेकदा वापरलेला असतो. वापरलेला घेण्यात चूक काहीच नाही. चूक होते ती पुढे. आवाज आवडला नाही की लोक थेट महागडे पिकअप (तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबकी भाग) मागवतात. खरा दोष मात्र वाकलेल्या नेकमध्ये (तारा दाबायच्या लांब दांड्यात), दोन वर्षं न बदललेल्या तारांत किंवा सुटलेल्या अर्थिंगच्या वायरमध्ये असतो, आणि तो थोडक्या पैशात निघतो.

काय घ्यायचं

पहिला बेस चार तारांचा, ३४ इंची स्केलचा आणि पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरीचं सर्किट नसलेला घ्या. स्केल म्हणजे नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिजचं सॅडल (बॉडीवर तार टेकते तो तुकडा) इथपर्यंतची तारेची लांबी. ३० इंची शॉर्ट स्केलचा बेस हाताला हलका पडतो, पण त्याच्या तारा आपल्याकडे मिळवणं अवघड. पाच तारांचा मोह होतो. मात्र लो बी ही तार ३१ हर्ट्झच्या आसपास कंप पावते आणि गावातल्या कार्यक्रमाचे बहुतेक स्पीकर तिथवर नीट उतरतच नाहीत. ऐकू येते ती नुसती घरघर. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची ई सुमारे ४१ हर्ट्झची असते, ती निदान झेपते.

पिकअपच्या दोन जुन्या घराण्यांवर बाकीचा बराचसा बाजार चालतो. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ चा. त्याचा दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप १९५७ मध्ये आला. हा पिकअप हम, म्हणजे विजेची गुणगुण, आतल्या आत मारून टाकतो, आणि त्याचा मधला जाड आवाज ढोलकी-ऑक्टापॅडच्या गर्दीतूनही निघतो. जॅझ बेस १९६० चा. त्याला दोन सिंगल कॉइल पिकअप असतात, नेक नटकडे निमुळती असते आणि आवाजाचे प्रकार जास्त मिळतात. यामाहाच्या टीआरबीएक्स १७४ सारख्या बेसवर दोन्ही घराण्यांचा एकेक पिकअप असतो आणि सर्किट पॅसिव्ह असतं. सुरुवातीला असा बेस पुरेसा आहे. ॲक्टिव्ह बेस वाईट नसतो, पण वापरलेल्या ॲक्टिव्ह बेसचं सर्किट बिघडलं तर त्या मॉडेलचा बोर्ड शोधत बसावं लागतं. पॅसिव्हमध्ये मात्र दोन-तीन पॉट (व्हॉल्यूम-टोनची फिरवायची बटणं), एक कपॅसिटर आणि एक जॅक एवढाच संसार.

बघायला जाताना

खिशात चार गोष्टी ठेवा: टॉर्च, स्वतःची केबल, साधा मल्टिमीटर आणि फीलर गेज. फीलर गेजसाठी वाद्यांच्या दुकानात जाऊ नका. मोटरसायकलचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक पातळ पत्त्यांचा जो जुडगा वापरतात तोच तो. ऑटो पार्ट्सच्या कोणत्याही दुकानात मिळतो.

आधी नेक बघा. बेस ट्यूनमध्ये असू द्या. एका हाताने ई तार पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) आणि दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबा. दोन टोकांना दाबलेली तार ही तुमची सरळ पट्टी झाली. आता सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. ०.३ मिलिमीटरची पत्ती अलगद सरकली तर उत्तम. पत्ती नसेल तर साधारण व्हिजिटिंग कार्ड चालवा. फट एक मिलिमीटरच्या पुढे गेली तर नेक तारांच्या ओढीने पुढे वाकली आहे. फटच नसेल आणि तार मधल्या फ्रेटना टेकलेली असेल तर ती मागे गेली आहे. दोन्ही दोष ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या आवळता येणाऱ्या धातूच्या दांड्याने सुधारतात, पण रॉड जिवंत असला तरच. म्हणून रॉडच्या तोंडाचं झाकण उघडून टॉर्च मारा. ॲलन कीचं षटकोनी भोक झिजून गोल झालं असेल किंवा रॉड आधीच करकचून आवळलेला असेल, तर निम्म्या किमतीतही तो बेस घेऊ नका. मग ब्रिजकडून हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या टोकाकडे) एक डोळा मिटून बघा. नेकला पीळ असेल, म्हणजे सर्वांत जाड ई तारेची बाजू वर आणि सर्वांत बारीक जीची खाली दिसत असेल, तर त्यावर घरगुती इलाज नाही.

आता चारही तारांवर प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवा. कंटाळवाणं काम आहे, दहा मिनिटं लागतात, पण टाळू नका. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा स्वर लवकर विझतो. याला डेड स्पॉट म्हणतात. बऱ्याच बोल्ट-ऑन (नेक स्क्रूने जोडलेल्या) बेसमध्ये तो थोडाफार असतोच, पण स्वर 'टुक्' करून संपत असेल तर भाव पाडा.

खरखर ऐकू आली तर ती कुठे आहे ते लक्षात ठेवा, निदान त्यातच असतं. फक्त मोकळी तार खरखरते तर नटची खाच खोल गेली आहे. पहिल्या पाच फ्रेटवर खरखर म्हणजे नेक जास्त सरळ किंवा मागे वाकलेली. बाराव्याच्या पुढेच असेल तर सॅडल खाली बसलंय, किंवा नेक बॉडीला जोडली जाते तिथे फ्रेटबोर्ड उचलला गेलाय. यांतला शेवटचा दोष खर्चिक, कारण फ्रेट घासून समतल कराव्या लागतात. एकाच फ्रेटवर खरखर असेल तर तिच्या पुढची फ्रेट उंच आहे. तीन फ्रेटवर एटीएम कार्डाची कड ठेवून डोलवून बघा. पाचव्याच्या पुढे लांब कड, बाराव्याच्या आसपास आखूड. कार्ड मधल्या फ्रेटवर डुललं की चोर सापडला.

वायरिंग मालकाच्या देखत तपासा. बेसला केबल लावा, व्हॉल्यूम-टोन पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या बाजूच्या प्लगचं टोक आणि त्याची बाहेरची दांडी यांच्यात रेझिस्टन्स मोजा. प्रिसिजन घराण्यात १० किलोओहमच्या आसपास आकडा दिसतो. जॅझमध्ये एक व्हॉल्यूम शून्यावर आणि दुसरा पूर्ण ठेवला तर ७ ते ८, आणि दोन्ही उघडले की साधारण निम्मा. २५० किलोओहमच्या आसपास आकडा आला तर मीटरला पॉट दिसतोय, पिकअप नाही. म्हणजे पिकअपची वायर सुटलीय किंवा कॉइल तुटलीय. शून्याच्या जवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. ही तपासणी ॲक्टिव्ह बेसला लागू होत नाही. आणि हो, तुटलेली कॉइल पंख्याच्या रिवाइंडिंगवाल्याकडे नेऊ नका. पिकअपची तार केसासारखी, ०.०६ मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते. पंख्याच्या तारेचा हात तिला लावून चालत नाही.

घरी आणताना

बेस ट्रॅव्हल्सच्या पार्सलने येणार असेल तर तारा एक-दोन स्वर सैल करायला सांगा, पण पूर्ण सोडू नका. हेडस्टॉकच्या मागे आणि नेकखाली कापडाच्या घड्या घालायला लावा. पार्सल आडवं पडलं की मोडतो तो हेडस्टॉकच. एप्रिल-मेमध्ये मागवलात तर रात्रीची गाडी निवडा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत इतकं तापतं की नटचा, कधीकधी फ्रेटबोर्डचाही डिंक सैल होतो. बेस आला की बॅग न उघडता एक रात्र घरात ठेवा आणि मगच ट्रस रॉडची चावी हातात घ्या.

सेटअप, ह्याच क्रमाने

क्रम बदलला तर काम दोनदा करावं लागतं. प्रत्येक टप्पा पुढच्यावर परिणाम करतो.

सुरुवात नव्या तारांनी. ४५-६५-८०-१०० किंवा ४५-६५-८५-१०५ हे सर्वसाधारण संच (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजारांश भागात). राउंडवाउंड (गोल तारेने वेष्टलेल्या) तारा कडक, झणझणीत वाजतात. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने वेष्टलेल्या) मऊ वाजतात, बोटांचा सरसर आवाज करत नाहीत आणि वर्षानुवर्षं टिकतात. तार आपल्या खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटीमीटर राहील इतकी मापा, आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा. न वाकवता कापली तर बाहेरचं वेष्टण आतल्या तारेवर सैल होतं आणि नवी तारसुद्धा मेलेली वाजते. टोक खुंटीच्या मधल्या भोकात खोचा आणि दोन-तीन वेढे वरून खाली घ्या. वेढे वर चढले तर नटवर तारेचा दाब कमी होतो आणि मोकळी ए तार बडबडते.

आता ट्रस रॉड. आशियाई बनावटीच्या बेसला बहुधा ४ किंवा ५ मिलिमीटरची ॲलन की लागते. की पूर्ण आत बसलीय याची खात्री करा, अर्धवट बसवून जोर लावला की भोक गोल होतं. रॉडच्या तोंडाकडे बघत घड्याळाच्या दिशेने फिरवलं की रॉड आवळतो आणि नेक मागे येते. उलट फिरवलं की सैल होतो आणि तारा नेकला पुढे ओढतात. एका वेळी पाव फेरा. आवळण्याआधी तारा थोड्या उतरवा, पाव फेरा द्या, पुन्हा ट्यून करा आणि पुन्हा मोजा. लाकूड जागेवर यायला वेळ घेतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत बघा. पाव फेऱ्याला विलक्षण जोर लागत असेल तर थांबा. मोडलेला रॉड म्हणजे नवी नेक.

सातव्या-आठव्या फ्रेटवर ०.३ ते ०.३५ मिलिमीटर आलं की सॅडलची उंची घ्या. त्याला बहुधा १.५ मिलिमीटरची बारीक ॲलन की लागते. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या पोटापर्यंत ई २.५ आणि जी २ मिलिमीटर ठेवा. जोरात वाजवणाऱ्यांनी दोन्हीत पाव मिलिमीटर वाढवावं. ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, जमिनीला टेकवून ठेवायची हौस असते, पण मंडपात मॉनिटर ऐकू आला नाही की हात आपोआप जोरात पडतो आणि मग सगळ्या तारा फ्रेटवर आपटतात.

नट तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. कागदाची जाडी पुरे. फट जास्त असेल तर पहिल्या फ्रेटवरचे स्वर चढे लागतात. कार्यक्रमात 'एफ बेसूर लागतोय' अशी तक्रार येते त्याचं कारण बहुधा हेच असतं, ट्यूनर नव्हे. खाच खोल करायला तारेच्या जाडीची कानस लागते. ती नसेल तर हे एक काम कारागिराला द्या.

पिकअपची उंची मोजताना तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. ई बाजूला तार आणि पिकअप यांत सुमारे ३ मिलिमीटर, जी बाजूला सव्वादोन ते अडीच. पिकअप जास्त जवळ घेतला तर आवाज मोठा होतो खरा, पण चुंबक तारेला ओढतं आणि वरच्या फ्रेटवर स्वर थरथरायला लागतो.

शेवटी इन्टोनेशन, म्हणजे नेकवर सगळीकडे स्वर सुरात लागणं. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून निघणारा हार्मोनिक आणि तिथेच दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, नेकपासून दूर सरकवा. उतरा असेल तर पुढे. हे जुन्या तारांवर करत बसू नका. मळलेली तार सगळीकडे सारखी जड नसते, तिचं इन्टोनेशन कधीच जुळत नाही.

हम आणि खरखर

आधी निदान. बेस ॲम्पला लावून तारांना हात लावा. हात लावल्यावर हम कमी झाला तर ब्रिजची अर्थ वायर ठीक आहे, कमतरता शील्डिंगची, म्हणजे बाहेरची गुणगुण अडवणाऱ्या धातूच्या आवरणाची आहे. हात लावल्यावर वाढला तर ब्रिजची वायर सुटलीय किंवा जॅकवर दोन वायरी उलट लागल्यात. जॅझ बेसमध्ये दोन्ही व्हॉल्यूम सारखे असताना शांतता आणि एक कमी करताच हम आला, तर तो बिघाड नाही. दोन कॉइल एकमेकींचा हम मारतात आणि एक मागे हटली की दुसरी उघडी पडते.

शील्डिंगसाठी चिकट तांब्याची टेप घ्या. वायरिंगचा मोबाइलवर फोटो काढा, पिकअप आणि कंट्रोल प्लेट उचला आणि पोकळीच्या तळाला, भिंतींना टेप लावा. पट्ट्या एकमेकींवर अर्धा सेंटीमीटर चढू द्या. टेपच्या डिंकातून वीज वाहतेच असं नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक थेंब द्या आणि मीटर कंटिन्यूइटीवर ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 'बीप' येतोय ना ते बघा. मग एका पॉटच्या पाठीवरून टेपला एक वायर. शेवटची काळजी जॅकची. प्लग आत गेला की जॅकची सिग्नलची पट्टी बाहेर ढकलली जाते आणि टेपला टेकते. प्लग नसताना सगळं ठीक, प्लग लावला की आवाज गायब, हे त्यामुळेच होतं. जॅकमागच्या टेपवर इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून टाका. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल स्वस्त खरी, पण तिला साधं सोल्डर धरत नाही, स्क्रूने वायर दाबावी लागते.

पॉट फिरवताना खरखर येत असेल तर आधी काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारा आणि पॉट वीस-पंचवीस वेळा फिरवा. तरी खरखरला तर बदला. सिंगल कॉइल आणि प्रिसिजन पिकअपला २५० किलोओहमचा पॉट लागतो. त्यावर ए२५० असं लिहिलेलं असावं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो तो बी२५०. तोही चालतो, पण व्हॉल्यूमचा सगळा फरक गोल फिरवण्याच्या एका टोकाला गोळा होतो. टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरड, अंगावर ४७३ छापलेला. १०४ छापलेला म्हणजे ०.१, तो टोन जास्त बुजवतो. पॅसिव्ह बेसमध्ये व्होल्टेज नगण्य असतं, त्यामुळे साधा पॉलिएस्टरचा कपॅसिटर पुरतो. तेलाचे, सोन्याच्या रंगाचे महागडे कपॅसिटर घेऊन बेसचा आवाज बदलत नाही, पाकीट बदलतं.

पॉटच्या पाठीला डाख देताना २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री अपुरी पडते. पत्रा उष्णता शोषून घेतो, माणूस इस्त्री धरून बसतो आणि आतला कार्बनचा पट्टा भाजतो. ४० ते ६० वॉटची इस्त्री, ६०-४० चं राळ भरलेलं सोल्डर आणि आधी घासपेपरने खरवडलेली पाठ. तीन-चार सेकंदांत काम झालं पाहिजे. डाख चकचकीत आणि पसरलेला दिसावा. करडा, गोळ्यासारखा बसला तर तो आज ना उद्या सुटणार.

हे सगळं झाल्यावरही आवाज पसंत नसेल तर पिकअपचा विचार करा. त्याआधी प्रीॲम्पचा (सिग्नल वाढवून टोन बदलणारा) पेडल वापरून बघा. बॉडीला नवं भोक पाडावं लागत नाही आणि बेस विकला तरी पेडल तुमच्याकडेच राहतो.

उन्हाळा, पावसाळा

आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, हवा कोरडी ठक्क असते. जूनअखेर तीच हवा ओली होते. लाकूड या दोन्ही टोकांना हलतं. कोणत्या बाजूला हलेल ते त्या-त्या लाकडावर अवलंबून, म्हणून अंदाज न बांधता मार्च, जूनअखेर आणि नोव्हेंबर अशा तीन वेळा फट मोजा. कोरड्या दिवसांत फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बाजूने हाताला टोचतात. लगेच कानस घेऊन बसू नका. साबणाच्या डबीला भोकं पाडा, ओला करून पिळलेला स्पंज आत घाला आणि डबी बॅगेत हेडस्टॉकजवळ ठेवा. दोन आठवड्यांत बराच फरक पडतो. पाऊस सुरू झाला की डबी काढून टाका. बेस कूलरसमोर कधीही उभा करू नका. ओलसर वाऱ्याने तारा आणि ब्रिजचे स्क्रू गंजतात, आणि खोली थंड-गरम होत राहते तसं ट्यूनिंग दिवसभर भटकतं. रोजवुडच्या फ्रेटबोर्डला वर्षातून दोनदा लेमन ऑइलचे चार-पाच थेंब पुरतात. लॅकर लावलेल्या मेपलला तेल लावायचं नाही.

मंडपात

वाजवताना ओठांना माइकचा चटका बसला तर तो बेसचा नव्हे, अर्थिंगचा प्रश्न आहे. ॲम्प आणि मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर असतात, एकाची अर्थ तुटलेली असते आणि माणूस मधली वायर होतो. साउंड चेकला मल्टिमीटर एसी व्होल्टवर, मोठ्या रेंजला लावून एक टोक माइकच्या जाळीला आणि दुसरं बेसच्या ब्रिजला लावा. मीटरची टोकं धरताना बोट धातूला लागू देऊ नका. दोन-तीन व्होल्टच्या वर काहीही दिसलं तर लाइटवाल्याला बोलवा आणि ॲम्प, पेडल, मिक्सर एकाच बोर्डावर अर्थिंगसह आणायला सांगा. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर अर्थचा रॉड जमिनीत ठोकलाय का ते स्वतः बघा. हम घालवायला प्लगची तिसरी पिन काढणं हा उपाय नव्हे. डीआय बॉक्सवरचं (बेसचा सिग्नल मिक्सरला देणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण त्याचसाठी असतं. ते फक्त सिग्नलच्या केबलची अर्थ तोडतं, विजेची नाही.

डीआय बॉक्स स्वतःचाच बाळगा. मिक्सरवाल्याकडे असेलच असं नाही. मिक्सरवर ३५-४० हर्ट्झच्या खालचं कापून घ्या. ढोलकीची डावी बाजू आणि बेस एकाच पट्ट्यात भांडत असतील तर बेसचा १०० हर्ट्झच्या आसपासचा भाग थोडा उतरवा आणि ७००-८०० थोडे चढवा. गर्दीत बेस कळतो तो तिथेच.

ॲक्टिव्ह बेसवाल्यांनी वाजवून झालं की प्लग काढावा. जॅकमध्ये प्लग राहिला की सर्किट चालूच असतं आणि ९ व्होल्टची बॅटरी बॅगेतल्या बॅगेत संपते. आवाज फाटायला, दबायला लागला की ॲम्पवर संशय घेण्याआधी बॅटरी मोजा. ८ च्या खाली असेल तर नवी घाला, आणि तिच्या जोडीची दुसरी बॅगेच्या कप्प्यात ठेवा. रात्री अकराला तालुक्याच्या गावात ती मिळत नाही.